मेहुण्याची गोळी आणि पिंजाऱ्याची धनुकली

मंडळी, इथं लिहिणारा प्रत्येकजण आधी शपथ घेतो की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. माझं तर त्याहून वाईट आहे. मी तुळजापुरात राहतो आणि तरी माझा विश्वास नाही, यावरून घरात रोज बोलणी खातो. मांजर आडवं गेलं तर मी थांबतो, पण ते आमच्या बोळातलं मांजर चावरं आहे म्हणून. तेव्हा खाली जे लिहितोय ते मला अजून पटलेलं नाही. भक्तीनं नाही, वैतागून लिहितोय, हे आधीच सांगतो.

गोष्ट गेल्या वर्षीची. नवरात्राच्या आधी देवी मंचकावर निद्रेला जाते, त्याच्याही दोनचार दिवस आधीची. आमचं घर चढाच्या बोळात, दोन खोल्या, पुढं दगडी पायरी. माकडं सरळ स्वयंपाकघरात येतात म्हणून दाराला आतून कडी आणि वर लाकडी आडणा. आडणा लावला की बाहेरून हत्तीलाही दार उघडायचं नाही.

मी कारकून. विभागीय परीक्षेची शेवटची संधी होती. पास झालो तर बढती, नाहीतर आहे त्याच खुर्चीवरून निवृत्ती. आणि सेवा नियमांचं पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर माझी मान खाली! आमची मंडळी, महानंदा, जाता-येता टोमणा मारायची, "देवी झोपायची हाय अजून, तुमी आधीच मंचकावर!"

अशात माझा मेहुणा मल्लिनाथ चार दिवस राहायला आला. उमरग्याकडं त्याची भुसाराची अडत. त्याला झोपेचा आजार आहे. आळस नव्हे, आजार. दिवसाढवळ्या, बोलता बोलता झोप लागते. एकदा तूर मोजता मोजता तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावर झोपला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून त्याला जागं ठेवणारी गोळी दिली. मिथाइलफेनिडेट. नाव मी नंतर नीट पाठ केलं, का ते कळेलच. गोळी सुरू झाल्यापासून माणूस सुधारला होता. ते बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"मल्लिनाथ, एक दे की. परीक्षा आहे."

"दाजी, ही काय शेंगदाणे हायत का वाटून खायला? डॉक्टर म्हणलेत कुणाला द्यायची न्हाय. चिठ्ठीबिगर मिळत न्हाय ही. दुकानदार सुदीक धा डाव चिठ्ठी उलटीपालटी करून बघतोय."

"अरे, तुझी झोप घालवते ना? मला पण झोपच येते. तुझी झोप कानडी आणि माझी मराठी आहे का?"

"झोप एकच असंल हो. काळीज येगळं हाय. तुमाला बीपी हाय!"

आता यात माझ्याइतकाच दोष आमच्या रिवाजाचा. लग्नात पानसुपारीचं तबक फिरतं तशी आमच्या नात्यात गोळ्यांची पिशवी फिरते. गुडघ्याची गोळी मावशीची, पित्ताची शेजाऱ्याची, शुगरची व्याह्यांची. "मला लई गुण आला, घेऊन बघा" म्हणत माणसं प्रेमानं हातावर ठेवतात, आणि नाही म्हटलं तर राग येतो. अशा घरात वाढलेल्या माणसाला "ही दुसऱ्याची गोळी" हे कळणार कसं? मल्लिनाथनं पिशवी उशीखाली ठेवली. आमच्याकडं उशीखाली ठेवणं म्हणजे लपवणं नसतं, पत्ता सांगणं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटा. महानंदा देवळात देवीच्या गाद्यांचा कापूस पिंजायला गेलेली. निद्रेआधी बायका बसून हातानं कापूस मोकळा करतात, तिचा दरवर्षीचा नेम. एकदा बसली की वाट्याचा कापूस संपल्याशिवाय उठत नाही, घराला आग लागली तरी. मल्लिनाथ बाजारात गेलेला. मी दाराला कडी घातली, आडणा लावला आणि उशी उचलली.

पहिल्या गोळीनं काय अभ्यास झाला म्हणता! रजा नियम तर तोंडपाठ. मग म्हटलं, एकीनं एवढं होतंय तर दुसरीनं थेट साहेबच होऊ. दुसरी घेतली, कडक चहाबरोबर. थोड्या वेळानं पुस्तक राहिलं बाजूला आणि मी मिक्सर खोलून बसलो. का? माहीत नाही. तोंड कोरडं, दात एकमेकांवर घट्ट, अंगाला घाम, आणि छातीत कुणीतरी मुसळानं कांडतंय. माझ्यासारख्या हुशार माणसानं यावरून काय निष्कर्ष काढावा? की गोळी कमी पडली! तिसरी तळहातावर घेतली...

आणि बाहेर आवाज आला. टण्... टण्... टँव.

पिंजाऱ्याची धनुकली. चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. खांद्यावर भलंमोठं धनुष्य घेऊन पिंजारी गल्लीत यायचा, त्याची ताणलेली तात छेडायचा, बायका गाद्या बाहेर काढायच्या. आता सगळं मशीनवर. पण आवाज तोच, आणि अगदी माझ्या दाराशी.

"गादी न्हाय करायची! पुढं जावा!" मी आतून ओरडलो.

टण्... टण्... टँव.

"अहो, डोकं फिरलंय का? अभ्यास चाललाय इथं!" (समोर मिक्सर उघडा पडलेला.)

थांबेना. माझं काळीज धावत होतं आणि धनुकली मात्र सावकाश, एकेक ठोका मोजून दिल्यासारखी वाजत होती. इतका संताप आला की गोळी मुठीत धरून तसाच उठलो, आडणा काढला, कडी काढली आणि शिवी ओठावर घेऊन दार उघडलं.

बोळ रिकामा. पांढरं ऊन, एक शेळी आणि शुकशुकाट. आवाज बंद. मग छातीत कळ आली आणि मी पायरीवर आडवा. गोळी घरंगळत गटारीत गेली एवढं आठवतंय.

शुद्ध आली तेव्हा दवाखान्यात. मल्लिनाथनं पाकीट मोजून डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं होतं, म्हणून उपचार लवकर झाले. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलल्या सासूसारखं.

"काका, हे औषध त्यांच्यासाठी मोजूनमापून दिलेलं आहे. त्यानं बीपी चढतं, ठोके वाढतात. तुमच्यासारख्याचं हृदय बंद पडू शकतं. याची चटक लागते, म्हणून तर त्यावर एवढे निर्बंध आहेत. तुम्ही म्हणता तो आतला आडणा तसाच असता तर दार फोडेपर्यंत काय झालं असतं, विचार करा."

मी हळूच धनुकलीचं विचारलं.

"जास्त झालं की भास होतात. आवाज ऐकू येतात," बाई म्हणाल्या.

मला केवढा आनंद झाला सांगू! कारण मिळालं, विषय संपला. संध्याकाळी महानंदा मोसंबं सोलत बसली होती. तिला मी रंगवून सांगितलं, वर टण्-टँवची नक्कलही केली. तिचा हात थांबला.

"तुमाला बी आला तो आवाज?"

"बी म्हणजे?"

"मी कापूस पिंजत बसले होते. तिथं सगळ्या हातानंच पिंजतात, धनुकली कुठली? पण मला आला. शेजारणीला इचारलं, ती म्हणली कान धुवून ये. मी उठले, तर आवाज पुढं. रस्त्यानं पुढं पुढं... आपल्या बोळात वळले, तुमची कडी वाजली, आणि बंद झाला. बघते तर तुमी पायरीवर."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "यांनी पण गोळी घेतली होती का?" मंडळी, महानंदाला त्या दिवशी उपास होता. तिनं चहासुद्धा घेतला नव्हता! डॉक्टरीणबाई माझं बीपी बघायला लागल्या.

नंतर मी बोळात घरोघरी विचारलं. गादीवाल्याकडं गेलो. त्या दिवशी धनुकली कुणी आणली नव्हती, कुणी ऐकली नव्हती. भास म्हणावा तर तो माझा, बायकोच्या कानात कसा गेला? योगायोग म्हणावा तर तो रस्ता दाखवत कसा चालला? तीन गोळ्या कमी पडल्या म्हणून मल्लिनाथला नवी चिठ्ठी मिळेपर्यंत गाडीला हात लावू दिला नाही कुणी. तो आता पाकीट बनियनच्या खिशात ठेवतो आणि माझ्यासमोर शर्टही काढत नाही. परीक्षा दवाखान्यातच गेली. आणि महानंदाचा राग वेगळाच. "तुमच्यापायी माझा नेम अर्धा राहिला."

यंदा ती कापसाला बसली तेव्हा मला घरी एकटं सोडायला तयार नव्हती. बाहेर बायकांच्या चपला राखायला बसवलं, तिला दिसेन असा. मी म्हटलं, "आणि पुन्हा आला आवाज तर?"

"आता उठायची न्हाय. मागल्या साली उठले, बास झालं."

दिवसभर बसलो. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ती मात्र मधेच हात थांबवायची, मान वर करायची आणि माझ्याकडं बघत राहायची. मग पुन्हा कापूस. काय ऐकत होती ते मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.