बर्फघराची रांग

थीम पार्कला सोबत न्यायला आमच्या उचगावच्या मामांइतकं कुचकामी माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडायचं नाही. आत शिरल्यावर जग पाळण्यांकडं पळतं. मामा जिथं काळं कुत्रं फिरकत नाही तो हॉल हुडकतात. कारण एकच, म्हशी. त्या दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाहीत, आणि संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर धार काढून फेसाळतं दूध पेल्यात द्यायचं, हा मामांचा धर्म. त्यामुळं सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेच्या मधल्या वेळात जेवढं जग मावलं, तेवढंच मामींनी बघितलं. पन्हाळ्याच्या पलीकडं ती बाई कधी गेली नाही.

आता मामींची नजर चाललीय. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं. बर्फ बघायचा. पार्कात बर्फघर आहे, वरनं भुरभुर बर्फ पडतो, पण त्याची रांग मारुतीच्या शेपटागत. मामा रांग बघायचे, घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "पुढच्या बारीला. आज मोकळं हाय ते बघू."

असं करत आम्ही मोकळं ते सगळं बघितलं. मेणाच्या पुतळ्यांच्या हॉलमध्ये मामांनी एका पैलवानाला "पावणं, जरा सरका की" म्हणून बघितलं, आणि तो सरकेना म्हणून रागावले. मान हलवणाऱ्या डायनासोरचा जबडा उघडल्यावर वाकून दात तपासले आणि "म्हातारं हाय, कोण घेणार न्हाय" असा निकाल दिला. जादूगाराच्या खेळाला प्रेक्षक आम्ही तिघंच, त्यानं टोपीतनं कबुतर काढलं तर मामा पहिल्या रांगेतनं विचारतात, "ह्याला खायला काय घालता?" गाडी हाकणारा मी कपाळ बडवून घेत होतो. कारण दर खेपेला मामींना थोडं कमी दिसत होतं. कबुतर उडालं तेव्हा त्या भलतीकडंच बघून हसत होत्या. मी मामांवर ओरडलो, चिडलो, अबोला धरला. दगडावर पाणी.

परवा गेलो तेव्हा मामी पार्काच्या दारातच उंबऱ्याला ठेचकाळल्या. मामांनी त्यांचा हात धरला आणि थेट बर्फघराच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांग सरकता सरकेना. दुपार कलली, शेवटी मीच म्हणालो, "मामा, धारेची वेळ झाली."

"पिऊ देत रेडकं आज पोटभर," मामा म्हणाले. घड्याळाकडं त्यांनी बघितलंही नाही.

आत सगळीकडं निळे दिवे होते. बर्फ निळा, भिंती निळ्या, माणसांची तोंडंसुद्धा शाईत बुडवून काढल्यागत निळी. पार्कानं दिलेल्या ढगळ कोटात मामी उभ्या राहिल्या, तोंड वर केलं. गालावर भुरभुर पडायला लागली.

"दिसतंय न्हवं?" मामांनी विचारलं.

"दिसतंय की. अवं, किती पांढरं हाय सगळं."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग ते मामींच्या कोटाची गुंडी लावत, हळू आवाजात म्हणाले,

"व्हय. लई पांढरं हाय."