आमच्या समुद्राची तपासणी

आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार यावरून भांडणं होतात, आणि माझ्या हॉलमध्ये समुद्र आहे. बजाजनगरातल्या शेजारणींनी यावरून मला छळायचं बाकी ठेवलेलं नाही. "हिला प्यायला टँकर, अन् माशाला मिठाचं पाणी!" असं म्हणत त्या येतात आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या की उठायचं नाव घेत नाहीत. मला राग येत नाही, उलट बरंच वाटतं. खऱ्या समुद्रापासून इतक्या लांब, काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवायचं म्हणजे अंगात थोडी मस्ती हवी, आणि माझ्या अंगात ती भरपूर आहे.

पण मागच्या उन्हाळ्यात हा समुद्र मरायला लागला. आधी काचेवरच्या गोगलगायी खाली पडल्या आणि उलट्याच राहिल्या. मग एक दिवस कोळंबी गेली. एरवी दिवा लागला की बोटं पसरून डुलणारे प्रवाळ मुठी आवळून बसले. मासे मात्र खाऊनपिऊन गुबगुबीत. माझी चिडचिड वाढली तसा नवरा वैतागला. त्याच्या ऑफिसातल्या एकाला अशी टाकी हवीच होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो बघायला येणार, असं नवऱ्याने ठरवूनच टाकलं.

"तोवर प्रवाळ उघडले नाहीत तर टाकी देऊन टाकायची," तो म्हणाला.

"आणि उघडले तर?"

"तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"ठरलं," मी म्हणाले. हरायची मला सवय नाही.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी मालाची तपासणी करते. भाग मापात बसला तर पुढे, नाही तर परत, मग समोर कुणीही साहेब असो. घरी मात्र मी पाणी तपासत होते कागदी पट्टीने. पट्टी बुडवायची, तिच्यावरचे रंगीत चौकोन डबीवरच्या रंगांशी जुळवून बघायचे. माझे सासरे, म्हणजे आबा, म्हणायचे, "हिरवा हाय." नवरा म्हणायचा निळसर. मला दोन्ही दिसायचे नाहीत. असलं माप कारखान्यात कुणी आणलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

आबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. गुडघे गेल्यावर कळप भावाच्या मुलांकडे सोपवून ते आमच्याकडे आले, तेव्हा सुरुवातीला नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग त्यांना टाकी सापडली. सकाळी उठले की मासे मोजायचे, कोण खातंय, कोण रुसलंय ते सांगायचे. टाकीतलं पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज थोडं आरओ मशीनचं गोडं पाणी घालावं लागतं. आमच्या उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की ते जास्तच उडतं. हे काम आबांनी आपणहून घेतलं होतं. त्याला ते "पाणी पाजायचं" म्हणत.

पैज लागल्यावर मी क्रांती चौकाजवळच्या माशांच्या दुकानात गेले आणि चांगले टेस्ट किट दाखवायला सांगितले. दुकानदाराने सवयीने पट्ट्याच पुढे केल्या.

"येच लो मॅडम, सब कुछ आ जाता इसमें. इत्ता कौन देखता?"

"मैं देखती," मी म्हणाले, आणि काउंटरवर सगळी खोकी मांडायला लावली. उन्हातल्या शोकेसमधली खोकी आधी बाजूला केली, कारण आपल्याकडच्या उन्हाने आतलं रसायन तारखेच्या आधीच नासतं. मग तारखा बघितल्या. फक्त गोड्या पाण्यासाठी असलेले किट परत केले. फिक्या-गडद छटा जुळवण्यापेक्षा थेंब टाकत जायचं आणि रंग एकदम पालटला की थांबून थेंब मोजायचे, अशी पद्धत जिथे मिळाली तिथे ती घेतली. आणि शेवटची अट माझी स्वतःची होती. कारखान्यात आम्ही मालाला माप लावण्याआधी ते माप मास्टर पीसवर, म्हणजे आकार पक्का माहीत असलेल्या नमुन्यावर तपासतो. इथेही मला आकडा आधीच माहीत असलेल्या पाण्याची छोटी बाटली प्रत्येक किटसोबत हवी होती. किटने तिचा आकडा बरोबर सांगितला तरच माझ्या टाकीबद्दल त्याने बोलावं.

"हौ मॅडम," दुकानदार हात जोडून म्हणाला, "आप तो मेरी बी टेस्टिंग कर दिये."

घरी येऊन आधी बाटल्या तपासल्या. किट खरे निघाले. मग टाकीचं पाणी. क्षार बरोबर, कॅल्शियम बरोबर, मॅग्नेशियम बरोबर, नायट्रेट आणि फॉस्फेटही बरोबर. मी इतकी संतापले की सगळ्या परीक्षानळ्या सिंकमध्ये टाकाव्यात असं वाटलं. सगळं मापात आणि प्रवाळ तसेच बंद!

कारखान्यात सगळी मापं बरोबर येऊनही भाग बसत नाही तेव्हा आम्ही एकच प्रश्न विचारतो, काय मोजायचं राहिलं? मी तेच केलं. मासे धडधाकट आहेत. मरतायत ते गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ, म्हणजे हाडं नसलेले जीव. माशांना चालतं पण यांना मारतं, असं काय असतं ते शोधलं तर पहिलंच नाव तांब्याचं निघालं. दुकानदाराला फोन लावला.

"तांबे का किट? वो तो बीमार मछली को तांबे की दवा देनेवालों के वास्ते रहता. तुम दवा डाले क्या?"

"नहीं."

"फिर कायकू लेते?"

"निकालके रखो, मैं आ रही हूँ."

नवऱ्याने विचारलं, "आपल्या टाकीत तांबं कुठून येईल?" तरी मी किट आणला.

पाण्यात तांबं नसेल तर या किटचे थेंब टाकूनही नळीतलं पाणी स्वच्छ राहतं. आमचं पाणी निळं झालं. मी ओरडलेच, आणि खरं सांगते, आनंदाने ओरडले. शेवटी चोर सापडला होता! मग तो कुठून शिरला ते बघायला एकेक पाणी घेतलं. नवीन कालवलेलं मिठाचं पाणी स्वच्छ. आरओच्या नळाचं पाणी स्वच्छ. आबांच्या बादलीतलं पाणी मात्र टाकीपेक्षाही गडद निळं.

"आबा, हे पाणी कशातून घेता?"

त्यांनी मला कौतुकाने ओट्याखालचा तांब्याचा हंडा दाखवला. होळीला गेले तेव्हा गावाहून आणलेला, रोज चिंचेने घासून लखलखीत केलेला. "त्या मशीनच्या पाण्यात काय जीव नाय, पोरी. रातभर तांब्यात ठिवतो अन् मंग पाजतो. आपुन पितो तसंच."

आमच्या घरात हेच सगळ्यांत चांगलं पाणी. आजारी माणसाला तेच द्यायचं. हंडा जितका घासलेला आणि पाणी जितकं क्षार काढलेलं, तितकं तांबं जास्त उतरतं. टाकीतलं पाणी उडून जात होतं आणि तांबं रोज साठत होतं.

आबांनी निळी नळी बघितली, माझं तोंड बघितलं.

"म्हंजी म्या मारलं व्हय?"

"तुम्ही चांगलं तेच पाजलंत, आबा. माणसाला मानवतं ते यांना मानवत नाही, एवढंच. यात तुमचं काय चुकलं?"

पण त्यांनी टाकीसमोरची आपली खुर्ची उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, "दिऊन टाक ती टाकी." तोवर मला पैज जिंकायची होती. आता मला आबा परत टाकीसमोर हवे होते.

मी थोडं थोडं पाणी बदलत गेले, तांबं शोषून घेणारा कोळसा फिल्टरमध्ये घातला आणि प्रत्येक वेळी तपासलं. निळा रंग फिका झाला, आणखी फिका झाला, आणि एका दुपारी पाणी स्वच्छ निघालं. नळी हातात घेऊन मी खिडकीशी अक्षरशः नाचले, समोरच्या शेजारणीने बघितलं तरी थांबले नाही. पण प्रवाळ हटून बसले होते. रविवार जवळ येत होता. शनिवारी एका हिरव्या प्रवाळाने एक बोट बाहेर काढलं, आणि रविवारी सकाळी दिवा लागला तसे सगळेच उघडले, पूर्वीसारखे डुलत. मी जिंकले होते, आणि मला ते अजिबात लपवायचं नव्हतं. मी घरभर ओरडत फिरले. आबा गॅलरीतून उठून दारापर्यंत आले, पण आत आले नाहीत.

तेवढ्यात तो पाहुणा आला. टाकीकडे बघतच राहिला.

"कधी नेऊ?" त्याने विचारलं.

"नाही हो, टाकी द्यायची नाही. चहा घ्या," नवरा म्हणाला, माझ्याकडे न बघता.

"एवढं सगळं सांभाळतं कोण?"

मी तोंड उघडणार होते. नवऱ्याने दारात उभ्या असलेल्या आबांकडे हात केला. "आमचे आबा सांभाळतात."

आबा आत आले, आरओच्या नळाखाली प्लॅस्टिकचा मग भरला आणि माझ्यापुढे धरला. मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरून निरखली. पाणी स्वच्छ होतं.

नळी मला परत देऊन त्यांनी मग उचलला, टाकीपाशी गेले आणि पाहुण्याला म्हणाले, "सरका जरा. यांची पाण्याची येळ झाली."