नुवार्तताईची जर्मन मशीन

आमच्या बुर्ज हमूद वस्तीत बुटाचं अपर, म्हणजे वरचं चामडं, शिवणारी जुन्या पिढीची शेवटची बाई म्हणजे नुवार्तताई. हे तिच्यासमोर बोलायची सोय नाही. "शेवटची काय म्हणतोस? मी मेले का?" असं म्हणून ती माझा चार लोकांत उद्धार करील. आमची दुकानं समोरासमोर. मी सुया, दोरे, मशीनचे सुटे भाग विकतो. म्हणजे पूर्वी विकायचो, हल्ली नुसते मांडून ठेवतो. ती रोज सकाळी शटर वर करते, माझ्या फळ्यांकडे बघते आणि म्हणते, "मिहरान, दोऱ्यापेक्षा धूळच जास्त आहे तुझ्याकडे. तीच विकायला काढ." मग स्वतःच कॉफीचा पेला आणून ठेवते. माझं तिच्याशिवाय पान हलत नाही, हे तिलाही माहीत आहे, म्हणून तर इतकी बोलते.

तिची मशीन खांबाची. साध्या शिलाई मशीनला खाली सपाट पाट असतो, हिला त्या जागी वीतभर उंचीचा खांब आहे. अर्धवट बूट त्या खांबावर टोपीसारखा घालायचा आणि गोल फिरवत शिवायचा. मशीन पायाने चालते, त्यामुळे गल्लीतली वीज गेली की फक्त तिच्याच दुकानातून टकटक ऐकू येते.

ही मशीन तिच्या सासूची. सासूला सगळी गल्ली मायरिग म्हणायची, म्हणजे आई. बाई कडक. नुवार्तताई लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी मायरिगने तिला मशीनसमोर बसवलं आणि सांगितलं, "ही जर्मन आहे, सूनबाई. माझ्याशी भांडलीस तरी चालेल, हिच्याशी नीट वाग." अलेप्पोहून येताना ही मशीन गाडीवरून पडली होती आणि तिच्या तळाच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. मायरिग तो टवका येईल त्या पाहुण्याला दाखवायची. मीही लहानपणी कितीदा पाहिला असेन.

आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळ्या मशिनी पुसून, तेल घालून, रंगाचा एक हात देतात. घरात कांद्याच्या सालींत अंडी उकळत असतात आणि गल्लीभर रंगाचा वास. मायरिग तिच्या मशीनला दरवर्षी तोच हिरवा रंग द्यायची आणि ब्रशला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. ती गेल्यावर नुवार्तताईने रंग देणंच सोडलं. म्हणाली, "तिचाच हात शेवटचा राहू दे."

एवढी माया आणि तेवढाच राग. रागाचं कारण मुलाच्या, झावेनच्या वेळचं बाळंतपण. आई आणि मूल, दोघांच्याही जिवावर बेतलं होतं. नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. नवरा वाझकेन तेव्हा बेकार होता. मायरिगने सांगितलं की चर्चने खर्च केला. खूप दिवसांनी ताई घरी आली, मशीनवर बसली, तर टाका डावीकडे सरकायला लागला. तिने मशीन बघून घ्या म्हटलं. मायरिग म्हणाली, "मशीनला काय झालंय? लोळून लोळून तुझे हात बिघडलेत. जर्मन मशीनला नावं ठेवतेस?"

त्या दिवसापासून ताईने डावा अंगठा दाबून शिवायची सवय केली. शिलाई सरळ यायची, नववधूंचे बूट तिच्याकडेच यायचे, पण कुणी वाखाणलं की ती म्हणायची, "बाळंतपणाआधी बघायला हवं होतंस. आता हे अर्धे हात राहिलेत." आयुष्यभर हेच म्हणत आली. मला याचा फार राग यायचा.

यंदा ईस्टर तोंडावर आला असताना मशीनचं शटल तुटलं. खालचा दोरा पकडतं ते. मॉन्ट्रियलहून झावेनचा फोन आला. तो कित्येक वर्षं मागे लागलाय, इकडे ये म्हणून. "आई, आता बास. मशीन एखाद्या कॅफेवाल्याला शोभेला दे. मी तिकीट काढतो." रागाच्या भरात ताई बोलून गेली, "मशीन चालू झाली तर येणार नाही. नाही झाली तर काढ तिकीट." बोललेला शब्द ती मोडत नाही. आणि मॉन्ट्रियलला जायच्या कल्पनेने तिला जेवण जात नव्हतं, हे मला दिसत होतं.

मी माझ्याकडची सगळी जर्मन शटलं लावून पाहिली. गल्लीतल्या जुन्या कारागिरांनी आपापल्या पेट्या उपसल्या. एकही बसेना. एक मोठं, एक छोटं, एक बसलं तर फिरेना.

"ताई, नेमकी कोणती जर्मन आहे ते कळायला हवं," मी म्हणालो. "रंग खरवडू दे. खाली नाव असणार."

"मायरिगचा रंग आहे तो."

"मग मॉन्ट्रियलला घेऊन जा तो रंग."

तिने भिंतीवरच्या मायरिगच्या फोटोकडे बघितलं. मग स्वतःच कानस उचलली. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली हिरवा. दोघांच्याही बोटांना फोड आले. शेवटी खांबाच्या बुडाशी उघडं लोखंड लागलं. नाव नव्हतंच. ओतीव लोखंडात उठवलेलं एक डाळिंब होतं, बोराएवढं.

डाळिंब आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. लोखंड ओतणाऱ्या मानुग उस्ताच्या, म्हणजे उस्तादाच्या, भट्टीचा तो ठप्पा. आमच्या गॅलऱ्यांच्या अर्ध्या कठड्यांवर आहे. भट्टी कधीच बंद झाली, उस्ता अजून आहेत, नव्वदीचे. मी त्यांना हाताला धरून घेऊन आलो. त्यांनी खांबावरून हात फिरवला आणि हसले.

"माझीच. मायरिगसाठी ओतली होती."

"उस्ता, ही अलेप्पोहून आलीय," ताई म्हणाली.

"अलेप्पोची तिने त्रिपोलीच्या एका बूटवाल्याला विकली, सूनबाई. तू इस्पितळात होतीस तेव्हा. आमची भट्टी तेव्हा नुकतीच पेटली होती. म्हणाली, हुबेहूब अशीच ओतून दे, पोरगी घरी यायच्या आत. आतलं सामान मी एका मोडक्या रशियन मशीनचं घातलं. जरा डावीकडे ओढायची, ते मला काही जमलं नाही. मी सांगितलं होतं तिला." त्यांनी तळाचा कोपरा चाचपला. "आणि हे बघ. नवी कोरी ओतलेली, आणि मला म्हणते, हातोडा घे आणि हा कोपरा उडव. वेडीच बाई, म्हटलं."

ताई स्टुलावर बसली. बोटं त्या टवक्यावर होती. उस्तांच्या हातात कॉफी देऊन मी उगाच दोऱ्याची रिळं लावत बसलो.

"इस्पितळाचे पैसे चर्चने दिले म्हणाली होती," ती म्हणाली.

"चर्चकडे कुठे होते तेव्हा?" उस्ता म्हणाले.

रशियन शटल माझ्याच दुकानात निघालं, तळाच्या गंजक्या डब्यात. विकलं जात नाही म्हणून मी ते दोनदा भंगारात टाकायला काढलं होतं. लगेच बसलं. ताईने चामड्याचा एक तुकडा खांबावर घातला, पाय हलवला, आणि डावा अंगठा मुद्दाम उचलून धरला. टाका डावीकडे सरकला. तिने तो तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिला. मग मायरिगच्या फोटोकडे बघून म्हणाली, "खोटारडी." आणि आमची नुवार्तताई कामाच्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी तिने माझ्याकडून हिरवा रंग मागवला. खरवडलेल्या जागी, डाळिंबावर, स्वतः ब्रश फिरवला. मी मदतीला हात पुढे केला तर माझ्या हातावर चापट मारली.

रंग ओला असतानाच झावेनचा फोन आला. मशीन चालू झाली हे ऐकून तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "बरं. पण शेवटी निघाली तरी कुठली ती?"

ताईने ब्रश डब्यात ठेवला. माझ्याकडे एकदा डोळे वटारून बघितलं.

"जर्मन," ती म्हणाली.