पऱ्हाटीवर उतरलेला फुगा

चंद्रावर माणूस उतरला त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा उमरखेडच्या दक्षिणेला, पैनगंगेकडच्या एका गावात ग्रामसेविका होते. बालवाडी चालवायची, दुधाची पावडर कालवून पोरांना पाजायची, बायांना बिनधुराची चूल घालून दाखवायची, देवीची लस टोचणारा आला की घरोघरी त्याच्यासोबत फिरायचं, असं काम. राहायला गावात एक खोली होती. गावापासून थोडं वर, उतारावर बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता ते उतारावरच्या मुरमाड जमिनीत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि ज्वारी घेत. माझा अर्धा दिवस त्या तांड्यावरच जाई.

तांड्याच्या नायकाच्या बायकोला सगळे याडी म्हणत. याडी म्हणजे आई. वयानं ती माझ्या आईएवढी असेल. तिला एकच मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची. बालवाडीत बसण्याच्या वयाची नव्हती, पण तांड्यावरची लहान पोरं गोळा करून माझ्याकडे तीच आणून बसवायची आणि मग शेळ्या घेऊन वर जायची. त्या वर्षी पावसाळ्यात तिला ताप भरला. नाल्यांना पूर होता, वाट बंद होती, उमरखेडच्या दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही. तिला पुरलं तेव्हा मी होते. पऱ्हाटीच्या वरच्या बांधाला एक मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली तिला ठेवलं आणि वर दगड रचले.

याडी रडली नाही. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर ती भाकरी थापत होती. मुलीचं नाव घेऊन म्हणाली, शेळ्या घेऊन गेली हाय, येईल आता. मला वाटलं, दुःखाच्या भरात बोलली. पण पुढच्या आठवड्यातही तेच, पोळ्यालाही तेच, दिवाळीलाही तेच. शेळ्या आता नायकाचा पुतण्या चारायला नेत होता, तिच्या डोळ्यांसमोरून नेत होता. तरी संध्याकाळी ती एक भाकरी वेगळी काढून झाकून ठेवायची. तिला कोणी अडवलं नाही. नायक मान खाली घालायचा. मीही कधी काही बोलले नाही. उलट असं झालं की संध्याकाळी तांड्यावरून परतताना माझीच नजर वर उताराकडे जायला लागली. शेळ्यांच्या मागे कोणी दिसतं का, ते मी पाहत असे. आणि मग पाय उचलून चालत असे.

खरं तर मी असल्या गोष्टींना भिणाऱ्या घरातली नव्हते. माझे वडील यवतमाळला जिनिंगमध्ये कामाला होते. छप्पन्न साली त्यांनी दीक्षा घेतली आणि फळीवरचे सगळे देव घराबाहेर काढले. पुढे मी शाळेत असताना आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा जग बुडणार म्हणून लोकांनी होमहवन मांडले होते. बाजार ओस पडला होता. त्या दिवशी वडिलांनी मला हाताला धरून मुद्दाम चौकात नेलं. रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. ते म्हणाले, "वर कोणी बसलं नाही, पोरी. रिकामं हाय सगळं. म्हणून भ्यायचं नाही." मी मान डोलावली, पण त्या रिकाम्या रस्त्यावर उभं राहून रिकाम्या आभाळाकडे पाहताना मला जे वाटलं, ते भीतीहून वेगळं होतं असं मी म्हणणार नाही.

त्या हिवाळ्यात माणसं चंद्राला फेऱ्या मारून परत आल्याची बातमी गावात आली होती. पंचायतीच्या रेडिओभोवती लोक बसत आणि गुरुजी त्यांना समजावून सांगत. तांड्यावर मात्र वेचणीची घाई होती. अशाच एका दुपारी मी पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून बायांशी बोलत होते. एक बाई कापूस वेचता वेचता थांबली आणि वर पाहत राहिली. मग दुसरी थांबली. मी वळून पाहिलं.

आभाळात काहीतरी पांढरं उभं होतं. चंद्रापेक्षा बरंच लहान, पण चांदणीसारखा ठिपका नव्हे. त्याला आकार होता. लसणाची पाकळी उलटी धरावी तसा वर फुगीर, खाली निमुळता. भर दुपारी ते चमकत होतं. आवाज नव्हता. विमान म्हणावं तर ते सरकत नव्हतं. आम्ही पाहत राहिलो, आणि त्यानं आम्हाला पाहावं तसं ते तिथंच राहिलं. बाया कामाला लागल्या, पण दर थोड्या वेळानं एक एक जण मान वर करायची. एरवी वेचणीत गाणी चालतात, गप्पा चालतात. त्या दुपारी फक्त बोंडातून कापूस ओढल्याचा आवाज येत होता.

याडी माझ्याजवळच वेचत होती. तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माही पोर पाहून राह्यली तिकडून."

बाया पुन्हा बोंडांकडे वाकल्या.

सूर्य बुडाला. खाली शेतात अंधारून आलं, तांड्यावर चुली पेटल्या, आणि ते वर अजून उन्हातच होतं. आमच्यावरचं ऊन संपलं होतं आणि त्याच्यावरचं संपलं नव्हतं. ते आधी पिवळं झालं, मग तांब्यासारखं, मग रक्तासारखं लाल. कुत्री त्याच्याकडे तोंड करून नुसती उभी होती. मग ते मावळलं नाही, खाली गेलं नाही. चिमटीत वात धरून विझवावी तसं जागच्या जागी गेलं. मी गावाकडे निघाले तेव्हा नायकानं न सांगता माणूस सोबत दिला.

सकाळी तोच माणूस पुन्हा दारात. म्हणाला, बाई, चाल लवकर, ते पऱ्हाटीत उतरलं हाय.

दुरून पाहिलं तेव्हा वाटलं, शेतावर धुकं बसलंय. जवळ गेले तेव्हा कळलं की ते धुकं हलत होतं. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ, पांढुरका, आरपार दिसेल न दिसेल असा प्रचंड मोठा पडदा होता तो. एक टोक पऱ्हाटीच्या खालच्या ओळींत, दुसरं वर मोहाच्या झाडात अडकलेलं. मधला सगळा भाग वाऱ्यानं वर उचलला जायचा आणि हळूहळू बसायचा. झोपलेल्या जनावराचं पोट हलतं तसा. बैल धुऱ्यापाशीच अडून बसले होते. प्लॅस्टिक आम्ही पाहिलेलं होतं, पिशव्या आणि रेनकोट यवतमाळला मिळायचे. पण शेत झाकेल एवढं प्लॅस्टिक आभाळातून कोण टाकणार?

पलीकडच्या नाल्यात लाल कापडाच्या छत्रीला बांधलेली एक पेटी सापडली होती. पोलीस पाटील तिच्याजवळ बसून होता. पेटीवर चार-पाच लिपींत लिहिलेलं होतं की ही सरकारी संशोधनाची वस्तू आहे, धोका नाही, उघडू नये, जवळच्या ठाण्यात कळवावं. माणूस सायकलवर उमरखेडला गेलाही होता. मग मी विचारलं, मला कशाला बोलावलं? नायकानं झाडाकडे बोट केलं.

पडद्याच्या आत, मोहाच्या बुंध्यापाशी, एक लाल डाग दिसत होता. त्यात मधूनच आरशांचे तुकडे लकाकत होते. तो याडीचा घागरा होता. पहाटे केव्हातरी ती आत जाऊन बसली होती. नायक दोनदा कडेपर्यंत जाऊन परत आला होता. आत जायला कोणी तयार नव्हतं. मला म्हणाले, तू शिकलेली हायेस, तू जा.

मी कड उचलून वाकले आणि आत शिरले. बाहेरचे आवाज एकदम लांब गेले. आत दुधासारखा उजेड होता, त्याला दिशा नव्हती, सावली पडत नव्हती. पऱ्हाटीची झाडं दबून वाकली होती. पडदा अंगाजवळ आला की हातावरचे केस आपोआप उभे राहत आणि तो तोंडाला येऊन चिकटत असे, सोडवला तरी पुन्हा चिकटत असे. मी वर वर चढत दगडांपाशी पोचले. याडी मांडी घालून बसली होती.

मी म्हटलं, "याडी, बाहेर चाल."

"हळू बोल. झोपली हाय."

इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा शेळ्यांचं बोलली नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुले माहीत नाही का?"

 मी तिच्याशेजारी बसले. दगडांवर दव होतं. मला श्वास ऐकू येत होते. एक माझा, एक तिचा, आणि आणखी एक, लांब, सावकाश. वारा पडदा उचलतोय हे मला कळत होतं, पण नुसतं कळून काही उपयोग होत नव्हता. तो तिसरा श्वास थांबला की आम्ही दोघीही श्वास धरून बसायचो. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. नंतर तीच उठली, माझा हात धरून मला बाहेर घेऊन आली. बाहेर ऊन चांगलं वर आलं होतं.

दुपार कलल्यावर जीप आली. हैदराबादहून निघालेली तीन-चार माणसं रात्रभर फुग्याच्या मागोमाग हिंडत होती. त्यांच्यातला चष्मा लावणारा एक तरुण मराठी बोलणारा होता. पेटी धड आहे पाहून त्याचा चेहरा खुलला. गावातली, तांड्यावरची सगळी माणसं भोवती जमली होती. त्यानं मोकळेपणानं सांगितलं, की हा फुगा विमानांच्याही कितीतरी वर, जिथं हवा जवळजवळ संपते तिथं जातो. दूरच्या ताऱ्यांकडून फार बारीक कण येत असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते किती येतात, कुठून येतात, हे पेटीतली यंत्रं मोजतात. तो म्हणाला, ते काही लांब आहेत असं समजू नका. खालीही पोचतात. आत्ता आपण बोलतोय तेव्हाही तुमच्या-माझ्या अंगातून जातायत, कळत नाही इतकंच.

लोक हसले. एकानं स्वतःचं पोट चाचपून पाहिलं.  याडी मागं उभी होती, ती माणसं बाजूला करत पुढे आली. तिनं आपला तळहात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हातातून जाऊन मंग कुठं जाते?"

"पुढं. खाली जमिनीत."

"जमिनीतबी जाते?"

 त्या तरुणाला मुलीबद्दल काहीच माहीत नव्हतं, तरी तिच्या विचारण्यात काहीतरी त्याला जाणवलं असावं. त्यानं उत्तर बेतून दिलं नाही. म्हणाला, "जातात. सगळे नाही, पण काही खूप खोल जातात. आम्ही खाणीत उतरूनही ते मोजले आहेत."

"दगड ठेवले असन तरी?"

"दगड असले तरी."

याडीनं मान हलवली. मग ती घराकडे वळली, आणि दाराशी पोचायच्या आत मटकन खाली बसून रडायला लागली. पावसाळ्यापासून अडलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. तांड्यावरच्या बाया धावल्या, तिच्याभोवती बसल्या, तिच्या गळ्यात गळा घालून सूर धरून रडल्या. तो तरुण घाबरून मला विचारत होता की माझं काही चुकलं का. मी म्हटलं, नाही.  पेटी आणि छत्री जीपमध्ये चढवून ते लोक दिवस बुडायच्या आत निघून गेले. फाटलेला फुगा त्यांच्या कामाचा उरला नव्हता. तांड्यावरच्यांनी तो कापून कापून नेला, कोणी छपरावर घातला, कोणी कडब्यावर.

त्या संध्याकाळी वेगळी भाकरी निघाली नाही. शेळ्यांची गोष्टही पुन्हा कधी निघाली नाही. याडी मुलीबद्दल बोलायला लागली, होती, करायची, म्हणायची, असं. नायकाच्या जिवाला बरं वाटलं. मलाही वाटलं. पण दिवस मावळताना ती मोहाखाली जाऊन उभी राहायची. दगडांच्या अगदी जवळ, दोन्ही हात थोडे पुढे धरून. एकदा तिनं मला हाक मारून वर बोलावलं.

"इथं उभी राहा," ती म्हणाली. "आपल्यातून जाते, मंग तिच्यात जाते."

मी तिच्याशेजारी उभी राहिले. वारा नव्हता, हालचाल नव्हती. खाली तांड्याच्या छपरांवरचे ते पांढुरके तुकडे उरल्यासुरल्या उजेडात चमकत होते. काही जाणवलं नाही, आणि काही जाणवत नाही हेच फार जाणवत राहिलं. त्या दिवसापासून आजवर, अंथरुणाला पाठ टेकली की कधी कधी मला वाटतं, आपण भिंत नाही, वाट आहोत. कोणीतरी, काहीतरी, न थांबता आपल्यातून चाललंय.

पावसाळ्यात चंद्रावर माणूस उतरला. पंचायतीच्या रेडिओजवळ उभं राहायला जागा नव्हती. याडी आली नव्हती. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बदली केळापूरकडे झाली. निघायच्या दिवशी ती उमरखेडच्या स्टँडवर आली, डोक्यावर माझी वळकटी घेऊन. बसमध्ये सामान लावून दिलं, दिराची धाकटी पोर बालवाडीत घालणार असल्याचं सांगितलं, नव्या बाईला पोरांना मारू नको म्हणून सांगायला सांगितलं. मी पाया पडायला वाकले तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद देऊन हात काढायला लागतो त्याहून जास्त वेळ तो हात तिथंच होता. कंडक्टरनं घंटी मारली तरी तिनं तो काढला नाही. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. डोळे मिटून, काहीतरी जाऊ देत असल्यासारखी उभी होती.