एकतीस नंबरचा बिल्ला

माझ्या मामांना मोजण्याचं वेड होतं. आम्ही सगळे कुठे निघालो की गाडीत बसल्यावर ते एकदा डोकी मोजायचे आणि गाडी सुरू झाली की पुन्हा मोजायचे. दाराबाहेरच्या चपलांचे जोड बघून घरात किती पाहुणे आलेत ते आधीच सांगायचे. "हे झोपेत कूस बदलतानासुद्धा मला मोजतात," मामी म्हणायची, "मी एकटीच आहे तरी!"

हे वेड त्यांना कामाने लावलं होतं. जमिनीतून गॅस काढतात अशा एका ठिकाणी मामा फाटकावर होते. त्यांच्या खोलीबाहेर एक लाकडी फळा होता. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला तिथल्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर पडताना काढून न्यायचा. फळ्यावर जितके बिल्ले, तितकी माणसं आत. मी तिथेच फिटर. नोकरी मामांनीच लावून दिलेली. माझा नंबर एकतीस.

बचाव पथकाला शिकवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. नव्या माणसाला ते उभं करून सांगायचे, "हा गॅस आधी सडक्या अंड्यासारखा वास मारतो. मग वास येईनासा होतो. तेव्हा गॅस गेला असं समजू नकोस, तुझं नाक गेलं असं समज." आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की मागे फिरायचं. आत सख्खा भाऊ पडलेला असला तरी मागे फिरायचं!" जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. 'सख्खा भाऊ' म्हणताना तसंच बोट उगारायचो. सगळे खो खो हसायचे, मामा सगळ्यात जास्त.

त्या दिवशी माझ्या मोटरसायकलचं चाक पंक्चर होतं. गाडी फाटकाबाहेर उभी आणि पंक्चरवाला जेवायला दुकान बंद करणार. बिल्ला काढायला गेलो असतो तर मामांनी विचारलं असतं, कुठे, कशाला, साहेबांना सांगितलंस का? एवढ्याशा कामासाठी कोण उलटतपासणी करून घेणार! एक टँकर बाहेर पडत होता. त्याच्या पलीकडच्या बाजूने मी चालत सटकलो. मामांच्या डोळ्यांत धूळ फेकली म्हणून मला हसू आलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली आणि भोंगा वाजला. तो दचकला. "काही नाही हो," मी म्हणालो, "महिन्यातून एकदा बोंबलतो. सराव असतो." सराव चुकला म्हणून मी खूश होतो. वर चहा मागवला.

परत आलो तर रस्त्यावर आगीचा बंब आडवा. वाऱ्याच्या उलट्या अंगाला सगळे कामगार घोळक्याने उभे. माझ्या जोडीदार फिटरने मला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. भूत पाहावं तसा तो मागे सरकला. मग त्याने माझी कॉलर धरली.

"तू बाहेर कसा? अरे, मामा आत गेलेत तुझ्यासाठी!"

मला कळेचना. पाइपाचा जोड फुटून गॅस सुटला होता. सगळे बाहेर आले, मोजणी झाली, एक कमी. फळ्यावर एकच बिल्ला उरला होता. एकतीस. पथकातला एकजण रजेवर होता, म्हणून मामांनी स्वतः मास्क चढवला आणि पथकातल्याच पंपवाल्याला घेऊन आत शिरले.

पंपवाला नुकताच परतला होता. तो धापा टाकत सांगत होता, "दोघांचीही शिट्टी वाजली. मी त्यांचा हात ओढला. त्यांनी हिसडा दिला. म्हणाले, तू जा, मी तेवढं मागच्या पंपाकडे बघून येतो."

शिट्टी वाजली आणि मामा मागे फिरले नाहीत! माझा विश्वासच बसेना. मी वायरलेस हिसकावून घेतला. "मामा, मी बाहेर आहे! मामा, मी बाहेर आहे!" पलीकडून नुसती खरखर. मी ओरडत राहिलो, आणि मागे फळ्यावर माझा बिल्ला निवांत लटकत होता. शेवटी जोडीदारानेच ते यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या जोडीने मामांना बाहेर आणलं, तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

मामा वाचले. डॉक्टर म्हणाले, मेंदूला बराच वेळ हवा मिळाली नाही. आता दोन वर्षं झाली. ते चालतात, जेवतात, मामीला ओळखतात, माझ्या आईला ओळखतात. दर रविवारी मी जातो. आम्ही चौघं जेवायला बसलो की मामा बोटाने मोजतात आणि घास खाली ठेवतात.

"एक कमी आहे."

मग माझ्याकडे वळून हळूच विचारतात, "अहो, तो सापडला का?"

"सापडला, मामा."

"कुठे होता?"

दोन वर्षं मी काहीबाही सांगत आलो. कँटीनमध्ये होता, दवाखान्यात होता. गेल्या रविवारी माझ्याच्याने खोटं बोलवेना. आई समोर होती, मामी समोर होती. मी म्हणालो, "पंक्चर काढायला गेला होता. बिल्ला न काढता."

मामी वाढता वाढता थांबली. मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

"छे, छे. काहीतरीच काय बोलता! माझ्या बहिणीचा मुलगा आहे तो. बिल्ला काढल्याशिवाय जायचा नाही."