इंद्रायणीची सावड

तळेघरच्या इंद्रायणीला पीएचडी करायची होती, आणि तीही पगारी. म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पात जागा आणि दरमहा विद्यावेतन. बिनपगारी संशोधन परवडणारं नव्हतं; घरी एकटी आई, प्रयागबाई, आणि उतारावर भात-नाचणीचे चार तुकडे. आळेफाट्याच्या एका बियाण्याच्या दुकानात तिला नोकरी तयार होती.

"जूनपत्तोर वाट बघते सर. न्हाई जमलं तर दुकान."

आता वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झालेली पोरगी डिंगोऱ्याला माझ्याकडं कशाला आली? तर आसपास लिहिणारा म्हणून मीच. चार कादंबऱ्या छापल्यात. चारींचे गठ्ठे माझ्याच माळ्यावर आहेत.

मी बाह्या सरसावून पत्र लिहिलं. सह्याद्रीची कूस, कातळासारखी कणखर माणसं, सगळं घातलं. नाचणी दुसऱ्या पानाच्या तळाला आली. नावं बदलून तेच पत्र अकरा प्राध्यापकांना ईमेलनं गेलं. त्यातल्या दोन बायांना मी 'आदरणीय महोदय' केलं.

दीड महिन्यात एकच उत्तर आलं : 'भाषा छान आहे. काम काय केलंय?'

मला त्यातलं 'भाषा छान' तेवढं दिसलं. बायकोलाही दाखवलं.

इंद्रायणी म्हणाली, "सर, लावणीला माणसं हवी असली तर आमी चिठ्ठी न्हाई धाडत. आधी त्यांच्या खाचरात दिवसभर वाकतो. मग ती आपल्यात येत्यात."

"सावड! मला ठाऊक आहे. दुसऱ्या कादंबरीत आहे माझ्या."

"मग पत्रात कुठं गेली?"

त्यानंतर तिनं माझा नाद सोडला आणि प्राध्यापकांचे लेख वाचायला बसली. एका बाईंच्या लेखात आमच्या डोंगरातली एक नाचणी हळवी, म्हणजे लवकर पिकणारी, लिहिली होती. इंद्रायणीनं घरच्या तीन वर्षांच्या पेरणी-काढणीच्या तारखा पाठवल्या. माळावर ती लवकर येते, पण खाचराच्या बांधावर तीच महिनाभर मागं राहते. शेवटी एक ओळ : पगारी जागा असल्यास कळवावं.

पत्र पाच ओळींचं. विशेषण औषधालाही नाही राव! दोन घालू का, मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या सर. दाण्यापरीस फोलपटच जास्त व्हईल."

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. तासभर नाचणीच चालली होती. पुढं रीतसर मुलाखत झाली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात जागा मिळाली. पुण्यात रुजू व्हायचं दहा जुलैला.

ऐन लावणीत! इंद्रायणीच्या शेजारचा जानकू बायकोसकट मायलेकींच्या खाचरात राबून गेला होता. आता इंद्रायणीचा दिवस त्याच्या खाचरात द्यायचा राहिला होता. तारीख हलत नव्हती.

"पैसे देऊन टाक," मी म्हणालो.

मायलेकींनी माझ्याकडं असं बघितलं, की तोंडातून आपसूक निघालं, "बरं, मी जातो."

ती पुण्याच्या गाडीत बसली त्या दिवशी मी जानकूच्या चिखलात उभा होतो. दुपारपर्यंत माझी ओळ धामणीसारखी वळवळत बांधाला लागली. मागून प्रयागबाई माझी रोपं उपटून परत लावत होत्या. संध्याकाळी कंबर सरळ होईना, तरी मी ऐटीत विचारलं, "फिटली ना सावड?"

जानकूनं ओळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पावणं, आजचा तुमचा अर्धा मानूस धरतो. अर्धा उद्या घिऊन या."

दुसऱ्या दिवशी गेलो.