एकेक दार पुढे येणारा आवाज

शेजारच्या मुलीच्या हळदीला मी डीजेच्या स्पीकरला टेकून उभी होते. का, तर टेकायला दुसरं काही नव्हतं आणि हातात मटणाची वाटी होती. शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं दाखले लिहिणाऱ्या बाईला एवढी अक्कल असायला हवी होती. नव्हती. डीजेवाल्याने कुठलीशी वायर ओढून पुन्हा खुपसली आणि माझ्या उजव्या कानापाशी असा काही धडाका झाला, की वाटी थेट नवरीच्या मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मामा चिडून बोलत होते, पण मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली होती.

दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. "लगेच आलात ते बरं केलंत," ते म्हणाले आणि गोळ्यांचा कोर्स दिला. ऐकू येणं बरंचसं परत आलं. शिट्टी मात्र मुक्कामालाच राहिली, आणि तिच्या सोबतीला एक नवीनच थेर आलं: साधे आवाज टोचायला लागले. ताटात चमचा पडला तरी मी दचकून अर्धा फूट वर. बांधकामावरचे कामगार कानांवर घालतात ती पिवळी टोपणं मी विकत आणली आणि दिवसभर घालून बसले, चपात्या लाटतानासुद्धा. समोरच्या पोरांना वाटायचं, मी लालबागात विमान उतरवतेय.

खरी पंचाईत बाबांची झाली. बाबा परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. शेकडो मागांच्या खडखडाटात वर्षं काढून त्यांचे कान कामातून गेले आणि गळा मात्र तयार झाला. आमचे बाबा तिसऱ्या मजल्यावर "मीठ दे" म्हणाले, की खालचा वाणी पुडी काढतो. कानाचं मशीन देवांच्या फळीवर डबीत पडून आहे, कारण ते लावलं की "सगळ्यांची भांडणां ऐकाक येतत." आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. एक ओरडणारा आणि एक कान धरून बसलेली.

हळदीनंतरच्या पहिल्याच "चाय झाली काय गो?"ला माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाबांनी ते पाहिलं आणि तोंडच मिटून घेतलं. मग ते मला गिरणीतलं बोलणं शिकवायला बसले. मागांच्या आवाजात कोणाचं काही ऐकू जायचं नाही, म्हणून तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे नि हातांनी खुणा करायचे. मिशीवरून बोट फिरवलं, की मुकादम आला. अंगठा ओठाला लावला, की चहा. आमचे आठ दिवस काय झकास गेले! भाजीवरून भांडणंसुद्धा खुणांनी. माझ्या आमटीबद्दल बाबांनी केलेली खूण मी इथे सांगणार नाही. शेजारच्या काकू एकदा दारात आल्या आणि आम्हा दोघांचे हातवारे बघून, अंगात आलंय असं समजून हळदकुंकू आणायला पळाल्या.

आम्हाला वाटलं, हाच इलाज. पण तीन आठवड्यांत मला चादर झटकल्याचाही त्रास व्हायला लागला, आणि गप्पगार घरात ती शिट्टी नुसती माजली. शेवटी डॉक्टरांनी एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाबा सोबत आले आणि त्यांनी मुकादमासकट सगळी पद्धत बाईंना करून दाखवली. बाई हसता हसता चष्मा पुसायला लागल्या.

"काकांचं कौतुक आहे, पण हे आजपासून बंद," त्या मला म्हणाल्या. "कानांना इतकी शांतता दिलीत, तर ते कुजबुजीलाही घाबरतील." टोपणं फक्त डीजे आणि फटाक्यांपुरती. घरात पंखा नि बारीक आवाजात रेडिओ. आणि टोचणारे आवाज लांबून, सोसतील तेवढेच, हळूहळू जवळ आणायचे.

"सगळ्यात जास्त कोणता आवाज टोचतो?" त्यांनी विचारलं.

बाबा माझे ओठ वाचायला मान पुढे करून बसले होते. मी तोंडासमोर हात धरला. "यांचा. आणि तोच मला परत हवाय. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. उरलेली वर्षं आम्ही मुक्यानेच काढायची का?"

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी आमच्या गॅलरीला किती दारं आहेत ते विचारलं.

दहा. आमचं शेवटचं. रोज संध्याकाळी बाबांनी जिन्यापाशी उभं राहून पेपर मोठ्याने वाचायचा, मी आमच्या दारात बसून बोटं दाखवायची. दोन बोटं म्हणजे ठीक. पाच म्हणजे मागे व्हा. सोसलं तर दर आठवड्याला एक दार पुढे. गॅलरीला फुकटात बातम्या मिळायला लागल्या. पाचव्या खोलीतले आजोबा स्वतःचं राशिभविष्य दोनदा वाचून घ्यायचे. काकू लसूण सोलायला बरोबर त्याच वेळी बाहेर बसायच्या. एकदा आपली टीम हरल्याची बातमी बाबांनी अशा तावातावाने वाचली, की मी दोन्ही हातांची बोटं वर केली. त्यांची तीन दारं मागे रवानगी झाली. काकूंनी टाळ्या वाजवल्या, तर त्यांनाही मी बोटं दाखवली.

शिट्टी गेली नाही. पण एके दिवशी अख्खा किलोभर मटार सोलून झाल्यावर लक्षात आलं, की मधे मी तिला विसरलेच होते.

चौथ्या महिन्यात बाबा आमच्या उंबऱ्याशी पोचले आणि तिथेच अडले. चार संध्याकाळी मी दोन बोटं दाखवत राहिले, पण ते काही आत येईनात. पाचव्या दिवशी मी वैतागून उठले आणि आत या म्हणून हात केला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजायचा प्रयत्न केला.

"त्या दिवशी तू रडलंस, ता माका अजून दिसता."

ती कुजबुज जिन्यापर्यंत गेली. काकूंनी लसूण सोलायचा थांबवला.

मला रडू आलं आणि रागही आला. बाबांना ऐकू जावं म्हणून मी चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतः ओरडले. "दुखलं तर सांगेन ना मी! तुम्ही गप्प बसता ते जास्त दुखतं!"

बाबा चपला काढून आत आले. कॉटवर माझ्या शेजारी बसले, पेपर उघडला आणि दोन फुटांवरून, पूर्ण आवाजात, उद्या परळ-लालबागला पाणी येणार नसल्याचं सगळ्या चाळीला सांगितलं. मग थांबून माझ्याकडे बघितलं.

"दुखता?"

"थोडंसं."

"थांबू?"

"नका थांबू."